घरचं जनावर खाटकाच्या हाती देताना: निवडीपासून पाकिटापर्यंत

दीड वर्षं हाताने चारा घातलेला बोकड खाटकाकडे जातो आणि दोन पिशव्या घरी येतात. त्यानंतर लोक मला जे विचारतात ते प्रश्न तीनच. मांस एवढं कमी कसं भरलं? हे आपल्याच बोकडाचं कशावरून? आणि इतकं जपून वाढवूनही चिवट का लागलं? या तिन्हींची उत्तरं बहुतेक वेळा सुरी लागण्याआधीच ठरलेली असतात. पिशव्या घरी आल्यावर विचारलं की फक्त भांडण होतं, आणि चांगला कारागीर कायमचा तुटतो.

पुढचे टप्पे शेळ्या-मेंढ्यांच्या हिशेबाने लिहिले आहेत. डुकराच्या बाबतीत जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. टप्प्यांचा क्रम मात्र बदलू नका. लोक नेमका पहिला टप्पा शेवटी करतात आणि तिथूनच सगळं बिघडतं.

टप्पा १: खाटीक आधी, तारीख नंतर

जनावर तयार झालं, पाहुणे येणार ठरलं, मग फोनाफोनी सुरू, असं करू नका. निदान दोन महिने आधी खाटीक पक्का करा. घाईत मिळतो तो मोकळा असलेला माणूस. तो चांगला असेलच असं नाही.

त्याच्याकडे कामाच्या दिवशी जा. धुऊन-पुसून ठेवलेली जागा कोणाचीही चांगलीच दिसते. काम चालू असताना काय दिसतं ते महत्त्वाचं. धड आकड्याला टांगून सोललं जातंय की जमिनीवर? पाणी वाहतं आहे की एकाच बादलीत सगळं बुचकळलं जातंय? पोट-आतडी कुठे उघडतात? ती जागा मांसापासून वेगळी हवी. सुऱ्या बुडवायला कढत पाणी आहे का? मोठ्या कत्तलखान्यांत सुऱ्यांसाठी ८२ अंश सेल्सिअसचं पाणी ठेवण्याची पद्धत आहे. छोट्या जागी तापमापक नसला, तरी दोन जनावरांच्या मध्ये सुरी गरम पाण्यातून काढली जाते की नाही, एवढं बघता येतं.

मग हे विचारा: एका वेळी किती जनावरं घेता? कोणतं धड कोणाचं, ते कसं ओळखता? थंड खोली आहे का, आणि तिचं तापमान किती असतं? आजारी वाटलं तर जनावर परत पाठवता का? आणि शेवटी, "सोलल्यावर धडाचं वजन माझ्यासमोर कराल का?"

माझा निवाडा या शेवटच्या प्रश्नावर होतो. जो "का नाही, या की" म्हणतो, त्याच्याकडे मी जनावर देतो. जो "आमच्यावर विश्वास नाही का?" म्हणतो, त्याचा हात कितीही चांगला असला तरी मी पुढे जातो. रोज काट्यावरच काम करणाऱ्या माणसाला काट्याचं वाईट वाटायचं कारण नाही.

तपासा: कायदा. घरी खाण्यासाठी कापणं आणि विकण्यासाठी कापणं यांचे नियम बहुतेक ठिकाणी वेगळे असतात. विकायचं असेल तर परवानाधारक कत्तलखाना, पशुवैद्याची तपासणी आणि शिक्का लागू शकतो. आपल्या भागात काय लागतं ते स्थानिक प्रशासनाकडून आणि पशुवैद्याकडून आधी समजून घ्या. शिक्का नसलेल्या मांसातला अर्धा भाग शेजाऱ्याला पैसे घेऊन देणं ही विक्रीच असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

टप्पा २: जनावर कापण्याजोगं आहे का

इथे वही लागते. शेवटच्या तीन महिन्यांत जनावराला दिलेलं प्रत्येक इंजेक्शन, जंताचं औषध आणि गोचिडांवर लावलेलं औषध तारखेनिशी लिहिलेलं हवं. प्रत्येक औषधाच्या वेष्टनावर, ते दिल्यानंतर किती दिवस मांस खायचं नाही, हे लिहिलेलं असतं. काही दीर्घकाळ काम करणाऱ्या प्रतिजैविकांसाठी हा काळ २८ दिवसांपर्यंत जातो. औषध गायीसाठी असेल आणि तुम्ही ते शेळीला दिलं असेल, तर वेष्टनावरचा आकडा चालत नाही, पशुवैद्याला विचारा. "आता बरं झालंय, घेऊन टाकू" ही इथली नेहमीची चूक. जनावर बरं दिसतं, पण औषध अजून अंगात असतं.

मादी असेल तर गाभण नाही याची खात्री करा. नुकतीच व्यालेली किंवा गाभडलेली शेळी नेऊ नका. गाभडण्यामागे असणारे काही रोग हाताळणाऱ्या माणसाला होतात, आणि खाटकाचे हात तर दिवसभर रक्तात असतात.

न खच्ची केलेला बोकड माजावर असेल तर मांसाला उग्र वास येतो. त्याला माद्यांपासून काही आठवडे दूर ठेवा, किंवा माजाचा हंगाम सरेपर्यंत थांबा. खच्ची करायचं तर ते लहानपणीच. कापायच्या महिनाभर आधी खच्ची करून फारसं काही साधत नाही, आणि जखम ओली असताना जनावर न्यावं लागतं ते वेगळंच.

खबरदारी: जनावर अचानक मेलं, नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त आलं, तर त्याला सुरी लावू नका आणि खाटकाला बोलावू नका. तो काळपुळीचा रोग, म्हणजे अँथ्रॅक्स असू शकतो. धड उघडलं की हवा लागून त्याचे जंतू बीजाणूंचं टिकाऊ रूप घेतात आणि ते जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात. पशुवैद्याला कळवा आणि कुत्र्यांना जवळ येऊ देऊ नका. मेलेलं कोणतंही जनावर "वाया जाऊ नये" म्हणून कापायचं नाही. यात सवलत नाही.

टप्पा ३: वजनाचं गणित घरीच मांडा

माझ्या पहिल्या बोकडाच्या वेळी मी त्याला दोन्ही हातांनी उचलून "चाळीस किलो तरी असेल" असा अंदाज केला होता. मांस बिनहाडाचं करून द्या असं सांगितलं आणि घरी साडेनऊ किलोची पाकिटं आली. मी त्याच संध्याकाळी परत गेलो आणि दुकानाच्या दारात, चार गिऱ्हाइकांसमोर, बोलू नये ते बोललो. खाटकाने काही न म्हणता वही उघडून धडाचं वजन दाखवलं: १५ किलो ६०० ग्रॅम. मग आतून पोतं आणून हाडं आणि चरबी काट्यावर ठेवली. "दादा, हाडं तुम्हीच काढायला सांगितली होती." बेरीज तंतोतंत जुळत होती. माझी माफी त्याने मोठ्या मनाने घेतली, पण ती मला त्याच चार गिऱ्हाइकांसमोर मागायला हवी होती, आणि ती गिऱ्हाइकं केव्हाच निघून गेली होती.

म्हणून हे गणित आधी करा. काटा नसेल तर मोजपट्टी घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०,८४०. उत्तर किलोत येतं. घेर ७५ आणि लांबी ६५ असेल तर साधारण ३४ किलो. हा अंदाज आहे, एक-दोन किलो इकडेतिकडे होणारच, पण उचलून सांगितलेल्या आकड्यापेक्षा पुष्कळ भरवशाचा.

आता ३४ किलोचं पुढे काय होतं ते बघा. उपाशी ठेवल्यावर आणि प्रवासात दीड किलो सहज उतरतो, राहतात साडेबत्तीस. शेळीचं धड, म्हणजे मुंडी, पाय, कातडं आणि आतलं सगळं काढल्यावर जे आकड्याला टांगतात ते, जिवंत वजनाच्या साधारण ४५ ते ५० टक्के भरतं. ४८ टक्के धरले तर साडेपंधराच्या आसपास. थंड खोलीत रात्रभर टांगल्यावर २-३ टक्के पाणी उडतं, राहतात १५.२. हाडांसकट तुकडे केले तर चौदा-साडेचौदा किलो घरी येईल. हाडं आणि वरची चरबी काढली तर धडाच्या ६० ते ६५ टक्के, म्हणजे नऊ-साडेनऊ.

बाकी गेलं कुठे? रवंथ करणाऱ्या जनावराचं पोट, आतडी आणि त्यातला चारा मिळून जिवंत वजनाचा पाव भाग सहज होतो. वर रक्त, कातडं, मुंडी, पाय. हडकुळं जनावर असेल तर टक्का ४० च्या घरात उतरतो. भरपूर चारून तयार केलेलं असेल तर ५० च्या पुढेही जातो. डुकराचं पोट एकच, शिवाय कातडं बहुतेकदा धडावरच राहतं, म्हणून त्याचं धड जिवंत वजनाच्या ७० ते ७५ टक्के भरतं. शेळीच्या मांसाची तुलना डुकराच्या आकड्याशी करू नका.

तपासा: वहीत तीन आकडे लिहिण्यासाठी जागा ठेवा: जिवंत वजन, गरम धडाचं वजन, पाकिटांचं एकूण वजन. तिन्ही तुमच्यासमोर किंवा फोटोसकट. एवढं असलं की चोरी झाली का, हा प्रश्न भावनेचा राहत नाही.

टप्पा ४: काय हवं ते कागदावर

तोंडी सांगितलेलं दहाव्या गिऱ्हाइकापर्यंत खाटकाच्या लक्षात राहत नाही, आणि राहावं अशी अपेक्षाही करू नये. एक कागद करा, दोन प्रती. एक त्याच्याकडे, एक तुमच्याकडे. त्यावर तुमचं नाव, जनावराचा बिल्ला क्रमांक आणि तारीख हवी. मग खालच्या गोष्टी.

मान: अख्खी की तुकडे. फरा, म्हणजे पुढचा खांदा: हाडासकट की खिमा. बरगड्या आणि चाप: किती जाडीचे. नुसतं "मध्यम" लिहू नका, २ किंवा अडीच सेंटिमीटर असं लिहा. मांडी: अख्खी ठेवायची की तुकडे. नळ्या फोडायच्या की अख्ख्या. खिम्यात चरबी किती. पाकीट किती वजनाचं. माझा सल्ला, घरात एका वेळी शिजतं तेवढ्याच वजनाचं, कारण एकदा वितळलेलं मांस पुन्हा गोठवायला लागू नये.

आतला माल लोक विसरतात आणि तिथेच नंतर कुरबुर होते. काळीज, गुर्दे, हृदय, फुप्फुस, वजरी, मुंडी, पाय, भेजा. यातलं काय हवं आणि काय नको ते प्रत्येकापुढे लिहा. रक्त हवं असेल तर भांडं तुम्ही न्यायचं आणि तसं आधी सांगायचं. कातडं कोणाचं, हेही लिहा. बऱ्याच जागी कातडं आणि आतडी खाटकाकडेच राहतात आणि मजुरी त्या हिशेबाने कमी असते. यात गैर काही नाही, फक्त आधी ठरलेलं हवं.

मजुरी कशावर: जनावरामागे, धडाच्या किलोमागे, की पाकिटांच्या वजनावर? तुकडे करणं, खिमा, पॅकिंग आणि थंड खोलीतले दिवस यांचे पैसे त्यात धरलेत की वेगळे? कापण्याची पद्धत, म्हणजे आधी बेशुद्ध करून की थेट, धार्मिक विधीनुसार की कसं, हे तुमच्यासाठी महत्त्वाचं असेल तर याच कागदावर लिहा. ऐन वेळी आकड्याखाली उभं राहून हे बोलायचं नसतं.

टप्पा ५: आदला दिवस

चारा आणि खुराक कापण्याच्या १२ ते २४ तास आधी बंद. पाणी मात्र शेवटपर्यंत. चारा बंद का, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की विसरत नाही: भरलेलं पोट फुग्यासारखं ताणलेलं असतं, सुरीचं टोक जरा लागलं की हिरवा रवंथ धडावर ओघळतो, आणि तो भाग कितीही धुतला तरी जंतू पाण्याबरोबर आणखी पसरतात. तो भाग कापून टाकावाच लागतो. पाणी तोडलं तर उलट कातडं चिकटतं, सोलताना फाटतं आणि वजनही उगाच उतरतं. "शेवटचं पोटभर खाऊ दे" ही माया समजण्यासारखी आहे, पण ती आदल्या दिवशी सकाळी करा.

अंगावर चिखल-शेण वाळलेलं असेल तर खरवडून काढा. ओलं जनावर नेऊ नका. ओल्या केसांतली घाण सोलताना मांसावर लागते. जिथे बांधाल तिथे कोरडं गवत टाका.

वाहतूक पहाटे किंवा उन्हं उतरल्यावर करा. गाडीत पाय घसरणार नाहीत असं पेंढ्याचं अंथरूण हवं. चढवताना लोकर किंवा केस धरून ओढू नका. जिथे ओढता तिथे कातड्याखाली रक्त साकळतं आणि सोलल्यावर जांभळा डाग निघतो, तो भाग जातो. शेळी एकटी पडली की घाबरते, ओरडते. जमत असेल तर दोन जनावरं एकदम न्या, नाहीतर खाटकाला विचारून दुसऱ्या शेळीजवळ बांधा.

घाबरण्याचा आणि मांसाचा थेट संबंध आहे. स्नायूत साखरेचा साठा असतो. कापल्यानंतर त्याचं आम्ल बनतं, आणि जिवंतपणी ७ च्या आसपास असलेला मांसाचा सामू (pH, आम्ल वाढलं की हा आकडा उतरतो) २४ तासांत साडेपाचच्या जवळ येतो. हे आम्लच मांसाला रंग, मऊपणा आणि टिकाऊपणा देतं. जनावर तासन्तास धडपडलं, पळालं, घाबरलं की साठा आधीच संपतो आणि सामू ६ च्या वरच राहतो. असं मांस गडद, चिकट दिसतं आणि लवकर खराब होतं. खाटकाने काहीही केलं तरी ते परत येत नाही. म्हणून लांबचा प्रवास असेल तर आदल्या संध्याकाळीच पोचवा आणि जनावराला रात्रभर पाण्यापाशी शांत बसू द्या.

खबरदारी: चारा बंद करून २४ तास उलटले आणि खाटकाचा नंबर पुढे गेला, तर थोडा सुका चारा द्या आणि तारीखच पुढे घ्या. दीड-दोन दिवस उपाशी जनावराचा तोच साखरेचा साठा संपतो.

टप्पा ६: कापण्याचा दिवस

स्वतः जा. बघवत नसेल तर घरातलं दुसरं कोणी पाठवा, पण कोणीतरी हजर हवं. जाताना टप्पा ४ चा कागद, दोन मजबूत पाण्याने न भिजणारे बिल्ले, न पुसणारं पेन आणि बर्फाची पेटी घ्या.

पोचल्यावर पहिलं काम जिवंत वजन. दुसरं, बिल्ल्यांवर एकच क्रमांक लिहून खाटकाच्या हाती देणं: एक धडाच्या मागच्या पायाच्या शिरेत अडकवायचा, दुसरा आतल्या मालाच्या ताटाला. धडाचे पुढे दोन किंवा चार भाग होणार असतील तर तितके बिल्ले आणखी. शिंग तुटलेलं होतं, कपाळावर ठिपका होता, या खुणा कातड्याबरोबर जातात. सोललेली सगळी धडं सारखीच दिसतात. "माझ्या बोकडाला मी कुठेही ओळखेन" हे सोलल्यानंतर खरं राहत नाही.

गळा चिरल्यावर रक्त पूर्ण निथळू द्यायचं. घाईत लगेच पाय कापायला किंवा सोलायला सुरुवात होत असेल तर थांबवा. डोळ्याच्या बुबुळाला हलकेच बोट लावल्यावर पापणी अजिबात हलत नाही, श्वास पूर्ण थांबला आहे, याची खात्री झाल्याशिवाय पुढचं काम नाही. जनावराचं एवढं देणं आपण लागतो, आणि अपुरं रक्त निथळलेलं मांस टिकतही नाही.

आता सोलणं. चांगल्या खाटकाची ओळख मला इथे पटते. मागच्या पायाच्या आतल्या बाजूने एकच लांब चीर, धार नेहमी आतून बाहेर, म्हणजे कापलेले केस मांसावर पडत नाहीत. मग सुरी बाजूला. एका हाताने कातडं धरून ताणायचं आणि दुसऱ्या हाताची घट्ट मूठ कातडं आणि मांस यांच्या मधल्या पांढऱ्या पापुद्र्यात सरकवत न्यायची. कातडं सदऱ्याच्या बाहीसारखं उलटं गुंडाळत खाली येतं, केसांची बाजू आत. ज्या हाताने केस धरले तो हात मांसाला लागत नाही. लागलाच तर धुऊन. बोकडाच्या शिंगांमागे वासाच्या ग्रंथी असतात, म्हणून मुंडीला लागलेला हात तसाच मांडीवर गेला की मांसाला तो उग्र वास लागतो. लोक म्हणतात बोकडच वासाचा होता. पुष्कळदा वास हातातून आलेला असतो.

पोट उघडण्याआधी दोन गाठी हव्यात: एक अन्ननलिकेला, एक गुदद्वाराजवळच्या आतड्याला. या गाठी नसल्या तर दोन्ही टोकांतून गळती होते. पोट-आतडी रक्त निथळल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात बाहेर यायला हवी. उशीर झाला की पोट फुगतं आणि काम अवघड होतं.

मग आतला माल उजेडात धरून बघा. निरोगी काळीज गुळगुळीत, कडा पातळ, रंग एकसारखा. त्यात पांढऱ्या जाड नळ्या किंवा पानासारखे चपटे किडे दिसले तर ती यकृतकृमी. काळजात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेले फुगे दिसले तर ते एका फीतकृमीचे कोश असतात. मानेच्या, खांद्याच्या गाठी सुजून आत चुन्यासारखा घट्ट पू असेल, धडाची चरबी पिवळीधमक असेल, बरगड्यांना आतून फुप्फुस चिकटलेलं असेल, तर तपासणी करणाऱ्याला किंवा पशुवैद्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याने एखादा अवयव किंवा सगळं धड टाकायला सांगितलं तर हुज्जत घालू नका. डुकराच्या मांसात तांदळाच्या दाण्यासारखे पाणीदार फोड दिसले तरी हेच.

खबरदारी: टाकून दिलेलं काळीज-फुप्फुस कुत्र्यांना घालू नका. त्या पाणफुग्यांचा कृमी कुत्र्याच्या पोटात मोठा होतो, अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, आणि तीच माणसाच्या आणि पुढच्या जनावराच्या पोटात जातात. खोल खड्ड्यात पुरा किंवा जाळा. खाटकाच्या दारात कुत्री वाट बघत बसलेली असतील तर टप्पा १ मध्येच ते दिसायला हवं होतं.

शेवटी गरम धडाचं वजन, बिल्ला दिसेल असा काट्यासकट फोटो, आणि वहीत नोंद.

टप्पा ७: टांगणं

चिवट मांसाचं सगळ्यात मोठं कारण हा टप्पा गाळणं. कापल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात. त्या ताठर अवस्थेत मांस सर्वात चिवट. मग ते हळूहळू सैल पडतं, मांसातलीच पाचकद्रव्यं तंतू सोडवतात. म्हणून ० ते ४ अंशांत किमान २४ तास टांगायला हवं. प्रौढ बोकड किंवा मेंढा असेल तर ३ ते ७ दिवस टांगल्याने फरक जाणवतो. डुकराला एक दिवस पुरतो.

दुसरी चूक नेमकी उलटी आहे: गरम मांस लगेच बर्फात किंवा डीप फ्रीजरमध्ये कोंबणं. पहिल्या दहाएक तासांत स्नायूचं तापमान १० अंशांच्या खाली गेलं तर तंतू आखडतात आणि ते आखडलेपण शिजवूनही सुटत नाही. शेळीच्या अंगावर चरबीचं पांघरूण पातळ, त्यामुळे तिला हा धोका जास्त. खाटकाशी बोला: धड आधी काही तास सावलीत, हवेशीर, माश्या बसणार नाहीत अशा गार जागी, मग थंड खोलीत. हवा उष्ण असेल तर मात्र बाहेर ठेवायचा वेळ कमी करा; थोडं चिवट मांस परवडतं, बिघडलेलं नाही.

थंड खोलीच नसेल तर? मग लहान, कोवळं जनावर निवडा, आणि त्या दिवशी जेवढं शिजणार तेवढं ताठरण्याआधीच शिजवा. उरलेलं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, पसरून, झाकून एक दिवस ठेवा आणि मगच गोठवा.

टप्पा ८: तुकडे, पाकिटं, घर

कागद समोर ठेवून तुकडे होताना शक्यतो हजर राहा. करवतीने हाड कापलं तर हाडाचा भुगा पुसून घ्यायला सांगा. खिम्याच्या यंत्रात आधीच्या गिऱ्हाइकाचं मांस राहिलेलं असतं. ते उघडून धुतलं का, हे विचारा. खिमा वेगळ्या जनावराचा लागतो अशी तक्रार बहुधा इथून येते.

पाकिटातली हवा पूर्ण काढा. हवा राहिली की गोठलेल्या मांसावर राखाडी, कोरडे चट्टे पडतात. प्रत्येक पाकिटावर भाग, वजन, तारीख आणि बिल्ला क्रमांक. सगळ्या पाकिटांचं मिळून वजन: वहीतला तिसरा आकडा.

घरी नेताना मांस ४ अंशांच्या वर फार वेळ राहू देऊ नका. बर्फाची पेटी यासाठीच नेली होती. डीप फ्रीजर −१८ अंशांवर आदल्या दिवशीच सुरू करून ठेवा. पाकिटं पहिल्या रात्री एकावर एक रचू नका, सुटी पसरा. रचली तर मधली पाकिटं गोठायला दोन दिवस घेतात आणि तिथेच वास धरतो. जागेचा अंदाज: १५ किलोला साधारण ३० लिटर. खिमा, काळीज, गुर्दे ३-४ महिन्यांत संपवा. हाडाचे मोठे तुकडे ६ ते ९ महिने चांगले राहतात.

टप्पा ९: हिशेब आणि तक्रार

पहिल्या आठवड्यातच प्रत्येक प्रकारातलं एक-एक पाकीट उघडा. वास, रंग, तुकड्यांची जाडी, हाडाचे बारीक कण. काही खटकलं तर पाकीट आणि चिठ्ठी तशीच ठेवून खाटकाला त्याच आठवड्यात दाखवा. तीन महिन्यांनी "तेव्हाचं मटण बरोबर नव्हतं" म्हणून काही निष्पन्न होत नाही. वजनाबद्दल शंका असेल तर तिन्ही आकडे त्याच्यासमोर ठेवा आणि आधी त्याचं ऐका. गरम धड आणि पाकिटं यांच्यातली तूट हाडं काढली की नाही, चरबी किती छाटली, डाग किती टाकला, याने बदलते. हे धरूनही दीड-दोन किलोचा मेळ लागत नसेल, तर पुढच्या वेळी दुसरा खाटीक.

मेळ लागत असेल आणि काम मनासारखं झालं असेल, तर त्याला तसं सांगा आणि पैसे वेळेवर द्या. पुढचं जनावर गोठ्यात वाढत असेल तर हिशेब चुकता करतानाच त्याची तारीख लिहून घ्या.